मोसमचे बंधारे आणि कोकणचे खारबांध

साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ मुलुखातून निघालेली मोसम नदी बागलाणाचे खोरे भिजवीत मालेगावी येते, नारो शंकर राजेबहाद्दरांनी 1740 च्या सुमारास बांधलेल्या भुईकोटाच्या तटाजवळून वाहते, आणि गावाच्या खाली थोड्याच अंतरावर गिरणेला मिळते. पुढे गिरणा तापीत आणि तापी सुरतेखाली समुद्रात जाते. मालेगावाचा समुद्राशी असलेला प्रत्यक्ष संबंध एवढाच. तेव्हा सागरतटावरील उजाड झालेली कांदळवने, फुटलेले खारबांध आणि बुडालेली खाजणे पूर्ववत करण्याच्या अर्थकारणाचा विचार सह्याद्रीच्या या अंगाला, गिरणा-मोसमच्या काळ्या जमिनीवर बसून करणे वाचकांस प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या अर्थकारणाचा जो गाभा, म्हणजे पाण्याचा काठ राखण्याचा दरसालचा खर्च कोणी सोसावयाचा आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी पडावयाचे हा प्रश्न, तो मोसमकाठच्या कुणब्यांनी सरकारच्या किंवा तज्ज्ञांच्या साहाय्यावाचून दीर्घकाळ सोडवून दाखविला होता. आणि कोकणच्या किनाऱ्यावर तोच प्रश्न आज अनुत्तरित पडला आहे.

नाशिक आणि धुळे जिल्ह्यांतील मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर जे जुने दगडी बंधारे आहेत त्यांवर चालणाऱ्या सिंचनास फड पद्धत म्हणतात. ही रीत तीन-चारशे वर्षांची असल्याचे मानले जाते. नदीच्या पात्रात योग्य जागा पाहून बंधारा घालावयाचा, त्याच्या एका अंगाने पाट काढावयाचा, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून सारंग फोडून पाणी शेतोशेती पोहोचवावयाचे, आणि उरलेले पाणी सांडमांतून पुन्हा नदीस द्यावयाचे, अशी तिची बांधणी. रचनेच्या दृष्टीने यात असामान्य असे फारसे काही नाही. असामान्य आहे ती जमिनीची आणि जबाबदारीची वाटणी. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सर्व क्षेत्रास थळ म्हणत आणि थळाचे बहुधा चार फड पाडलेले असत. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यावयाचे, आणि दरसाल ते पीक एका फडातून दुसऱ्या फडात फिरवावयाचे, असा नेम होता: कोठे ऊस, कोठे भात किंवा बाजरी, कोठे गहू-हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक. शेतकऱ्याची जमीन शक्यतो चारही फडांत तुकड्यातुकड्यांनी विभागलेली असल्यामुळे ज्या साली नदीस पाणी कमी आले त्या साली एखादा फड भिजवावयाचा नाही असे ठरे, आणि ती तूट सर्वांच्या वाट्यास सारखीच येई. टंचाईची झळ कोणा एका दुर्बळावर ढकलता न येणे, हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे बळ होते असे मला वाटते.

तिच्या कारभारासाठी पंच असत, आणि त्यांच्या हाताखाली पाटावर लक्ष ठेवणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेख करणारा हवालदार, पिकाची राखण करणारा जागल्या आणि शेतात पाणी फिरविणारा बारेकरी असे सेवक असत. त्यांचा मोबदला सरकारी तिजोरीतून येत नसे. तो भिजणाऱ्या क्षेत्राच्या प्रमाणात शेतकरी देत, आणि पुष्कळदा तो धान्यरूपच असे. पावसाळ्यानंतर पाटातील गाळ काढणे, चाऱ्यांच्या कडा सांधणे, पुराने उखडलेले दगड पुन्हा बसविणे ही कामे ज्याला पाणी हवे त्याला करावीच लागत. माणूस न पाठविणाऱ्यास पाण्याच्या पाळीची वाट पाहत बसावे लागे. इंग्रजी अमलात या जमिनींची पाटस्थळ म्हणून जमाबंदी झाली, त्यांवर मोटस्थळाहून निराळा आकार बसला, आणि मोठ्या डागडुजीची काही जबाबदारी सरकारकडे गेली. तरी पाटाची वार्षिक निगा गावाच्याच अंगावर राहिली. 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपल्या नोकरीची पहिली वर्षे नाशिक आणि खानदेशात काढली, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतील कालव्यांवर त्यांनी जी गटवार पीकफेराची पद्धत सुचविली तिचे फडाशी असलेले साम्य नजरेत भरण्यासारखे आहे.

आता या व्यवस्थेचे अर्थकारण जरा जवळून पाहू. बंधारा बांधण्याचा खर्च मोठा, परंतु तो एकदाच करावयाचा. गाळ उपसण्याचा खर्च लहान, परंतु तो दरसाल करावयाचा. राजेरजवाड्यांचे, दानशूरांचे आणि अलीकडच्या काळात सरकारचे औदार्य पहिल्या खर्चाकडे सहज वळते, कारण त्यात कीर्ती असते आणि कोनशिला बसते. दुसऱ्या खर्चाला कोणी धनी मिळत नाही. आणि जे बांधकाम पडते ते या दुसऱ्या खर्चाच्या अभावी पडते. फडाच्या कर्त्यांनी हा दुसरा खर्च पिकाच्या राशीतच कापून ठेवला होता. पाटकऱ्याचे धान्य आणि गाळ काढण्याचे श्रम हे उत्पन्नाचाच एक भाग समजले गेले, आणि म्हणून निगेसाठी कोणाकडे अर्ज करण्याची वेळ येत नव्हती.

ही घडी विसाव्या शतकात मोडत गेली, आणि तिला एकच कारण नाही. कळवण तालुक्यातील चणकापूरचे धरण गिरणेवर त्या शतकाच्या आरंभीच झाले; मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर ही धरणे स्वातंत्र्योत्तर काळातील. नद्यांचे वाहते पाणी वर अडले, विहिरींवर विजेचे पंप बसले, कांदा, द्राक्ष आणि डाळिंब या पिकांनी प्रत्येकाचे वेळापत्रक निराळे केले, आणि एका फडात एकच पीक हा नेम पाळण्याची गरज ज्याची विहीर स्वतंत्र त्याला उरली नाही. सामायिक पाण्याची जागा खाजगी पाण्याने घेतली, तेव्हा सामायिक श्रमही ओसरले. मालेगावात तर मोसमच्या पात्रात शहराचे सांडपाणी येऊ लागले, आणि ज्या नदीचा एकेक पाट गावकी राखीत होती त्या नदीची स्वच्छता आज केवळ नगरप्रशासनाच्या अंदाजपत्रकातील एक रक्कम होऊन बसली आहे. महाराष्ट्राने 2005 साली सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला आणि पाणीवापर संस्थांना कायदेशीर अस्तित्व दिले. पंच आणि पाटकरी यांनी जे वहिवाटीने चालविले होते ते विधिमंडळाच्या संमतीने पुन्हा उभे करण्याचा हा प्रयत्न स्तुत्यच होय.

घाट उतरून आपण कोकणात गेलो की पाण्याची जात पालटते, परंतु प्रश्न तोच राहतो. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी या जुन्या जिल्ह्यांतील खाड्यांच्या काठी भरतीच्या पाण्याखाली जाणारी विस्तीर्ण चिखलभूमी, म्हणजे खाजण, आहे. त्या चिखलात तिवर, कांदळ, चिपी यांची दाट वने उगवतात, मासळीची पिल्ले त्यांच्या मुळांच्या जाळीत वाढतात, आणि वादळी लाटांचा जोर त्या वनात येऊन मोडतो. या भूमीच्या एका भागाभोवती चिखलमातीचा उंच बांध घालून, त्यात लाकडी दारांच्या उघाड्या बसवून, भरतीचे पाणी बाहेर रोखावयाचे आणि पावसाचे गोडे पाणी ओहोटीबरोबर बाहेर सोडावयाचे, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी क्षार धुऊन निघाला की तेथे राता जातीचे खाऱ्या जमिनीत तगणारे भात पेरावयाचे, हा कोकणच्या कुणबी-आगऱ्यांचा फार जुना उद्योग आहे. त्यात तिवरांचा बळी गेला हे खरेच. परंतु बाहेरच्या बांधाच्या समुद्राकडील अंगाला तिवरांची एक पट्टी राहू देण्याचे शहाणपणही त्याच लोकांजवळ होते, कारण ती पट्टी गेली की उधाणाच्या लाटा थेट बांधाला भिडतात आणि बांधाला खांड पडते.

या उद्योगास राज्यकर्त्यांचे उत्तेजन होते. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल द्यावयाचा आणि इस्ताव्याने, म्हणजे पहिली वर्षे माफी व पुढे पायरीपायरीने चढता सारा लावून, त्या जमिनीची उगवती शक्ती सांभाळावयाची, हा मराठी अमलातील रिवाज होता. इंग्रजांनी तोच रिवाज आपल्या नियमांत बसविला: खाजण बांधून काढणाऱ्यास पहिली 10 वर्षे साऱ्याची संपूर्ण सूट, पुढील 20 वर्षे एकरी केवळ चार आणे, आणि त्यानंतर नेहमीची आकारणी, मात्र जो भाग 10 वर्षांत बांधून निघाला नाही तो सरकारजमा. या अटींत एक सूक्ष्म आर्थिक जाण आहे. समुद्राकडून घेतलेली जमीन लगेच पिकत नाही, आणि भांडवल गुंतविणाऱ्यास वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्याची किंमत राज्याने आपल्या महसुलातून दिली. आजच्या योजनांत दोन-तीन वर्षांच्या मुदतीत फळ दाखविण्याचा जो आग्रह धरला जातो त्याच्याशी 30 वर्षांचा हा धीर ताडून पाहावा.

पेण आणि अलिबागकडे शिलोत्र नावाची वहिवाट होती. बाहेरचा मोठा बांध ज्याने आपल्या खर्चाने घातला तो शिलोत्रदार, आणि तो बांध सदैव दुरुस्त राखण्याच्या मोबदल्यात त्याला कसणाऱ्यांकडून सरकारी देण्याखेरीज बिघ्यामागे ठरावीक मापाचे भात मिळे. आतले लहान बांध ज्याचे त्याने सांभाळावे. शिलोत्रदाराखेरीज गावकऱ्यांची जोळ असे: जोळीतल्या प्रत्येक घराने आपल्या क्षेत्राच्या प्रमाणात बांधावर श्रम द्यावयाचे, आणि उधाणाच्या रात्री हाक आली की निघावयाचे. भरतीस मुहूर्त कळत नाही, आणि रात्री पडलेली हातभर खांड सकाळपर्यंत वाढून सबंध खार, म्हणजे बांधामागची जमीन, बुडवू शकते; तेव्हा बांधापाशी राहणाऱ्या, बांधामागचे भात खाणाऱ्या माणसाच्या दक्षतेची जागा कोणतीही कचेरी घेऊ शकत नाही. फडातला जागल्या आणि जोळीतला आगरी हे एकाच अर्थशास्त्राचे दोन सेवक होते.

परंतु या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचा अन्याय झाकून ठेवणे मला मान्य नाही. बांधावर रक्त आटविणारे कूळ होते आणि राशीचा मोठा हिस्सा खोताच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, कोठारात जात होता. 1933 च्या ऑक्टोबरात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातील, म्हणजे खारजमिनींच्या पट्ट्यातील, 25 गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसावयाची नाही असा निर्धार केला आणि तो जवळजवळ सहा वर्षे, 1939 पर्यंत, उपासमार सोसून पाळला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चरीस येऊन त्या लढ्यास पाठिंबा दिला. श्रम देणारा आणि फळ घेणारा निराळे झाले की बांध कितीही मजबूत असो, त्यामागचा समाज फुटतो, याची साक्ष या संपाएवढी स्पष्टपणे महाराष्ट्रात अन्यत्र मिळणार नाही.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा झाला, आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा जमिनीचा मालक ठरला. हे न्याय्यच झाले. मात्र खोत आणि शिलोत्रदार गेले तेव्हा त्यांचा हक्क कुळाकडे आला, आणि त्यांच्याकडील बाहेरच्या बांधाचे कर्तव्य सरकारकडे सरकत गेले. मुंबई सरकारने 1948 साली खारजमिनींचा कायदा केला होता. महाराष्ट्राने 1979 साली खारजमीन विकासाचा नवा कायदा केला. हेतू उदात्त होता: गरीब शेतकऱ्यावर बांधाचा बोजा नको. प्रत्यक्षात जोळ मोडली, बांधाची दुरुस्ती निविदेची आणि मंजुरीची वाट पाहू लागली, आणि अंदाजपत्रकाचे वर्ष व उधाणाची तिथी यांचा मेळ कधीच बसला नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात एकामागून एक खांडी पडत गेल्या आणि भाताची शेते खाऱ्या पाण्याखाली गेली.

गोव्यातील खाजनांची कथा याहूनही बोधप्रद आहे. तेथील गांवकारींच्या, म्हणजे ग्रामसंस्थांच्या, रूढी पोर्तुगीजांनी 1526 च्या सनदेत नोंदविल्या तेव्हाच त्या जुन्या होत्या. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांकाठी सुमारे 18,000 हेक्टर खाजन-जमीन या गांवकारींनी राखली, आणि तिच्या निगेचा खर्च त्यांनी फार कुशलतेने उभारला. खाजनात पाणी आतबाहेर करणारे जे लाकडी दार, ज्याला तेथे मानस म्हणतात, त्याच्या तोंडाशी जमणाऱ्या मासळीचा हक्क दरसाल लिलावाने दिला जाई, आणि त्या रकमेतून बांधाची दुरुस्ती होई. भात आणि मासळी या दोन उत्पन्नांत जो स्वाभाविक तंटा आहे त्यावर एकाच संस्थेचे नियंत्रण होते, म्हणून तो तंटा हाताबाहेर गेला नाही. 1964 च्या कूळकायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. गांवकारीची सत्ता क्षीण झाली. आणि कित्येक ठिकाणी मानसीचा मक्तेदार अधिक मासळीच्या लोभाने दारे उघडी ठेवू लागला. खारे पाणी वारंवार आत आले, भात बुडाले, शेतकऱ्याने शेत सोडले, आणि सोडलेल्या शेतासाठी बांध राखावयास कोणीच उरले नाही. मासळीचे उत्पन्न पूर्वीसारखेच येत होते. ते बांधाकडे वळविणारी वाट तेवढी बंद झाली होती.

आता फुटलेल्या खारींत निसर्गाने आपले काम सुरू केले आहे. जेथे खारे पाणी मोकळे खेळू लागले तेथे तिवरे पुन्हा उगवली. भारतीय वनसर्वेक्षणाच्या 2011 च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन 186 चौरस किलोमीटर होते, 2021 च्या अहवालात ते 324 झाले. या वाढीचा काही भाग अशा बुडालेल्या शेतांवरचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि 2018 च्या निकालात त्यांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग ठरविला. मुंबईसारख्या शहराभोवती बांधकामाच्या लालसेपुढे कांदळवनांना वाचविण्यास दुसरा मार्ग नव्हता, आणि या निकालांचे मोल मी थोर मानतो. तथापि ज्या शेतकऱ्याचे भाताचे शेत सरकारी बांध फुटल्यामुळे बुडाले, त्याच्या सातबाऱ्यावरील जमिनीत आता वन उभे आहे. तो ते तोडू शकत नाही आणि त्यापासून त्याला उत्पन्नही नाही. वादळापासून संरक्षण, मासळीची पैदास, हवेतील कर्ब साठविणे हे सर्व लाभ समाजास मिळतात आणि त्यांची किंमत एका खारेपाटकऱ्याच्या कुटुंबाकडून वसूल होते. चरीच्या संपाने जो अन्याय पुसला तो निराळ्या रूपाने परत येत आहे, आणि या वेळी समोर खोत नाही.

कांदळवनाचे मोल काही भावनेने वाढवून सांगितलेले नाही. 1999 च्या ओडिशातील महाचक्रीवादळानंतर भितरकनिकाजवळच्या गावांची जी पाहणी झाली तिच्यात कांदळवनाच्या आडोशास असलेल्या गावाचे नुकसान घरटी सुमारे 33 डॉलर भरले, उघड्या गावाचे सुमारे 44, आणि ज्या गावाला केवळ मातीचा बांध होता त्याचे सुमारे 154. कारण बांध फुटून आत आलेले खारे पाणी त्याच बांधामुळे शेतांत अडून राहिले. वनाची पट्टी नसलेला बांध हा संकट वाढविणारा असतो, हे आगऱ्यांचे जुने शहाणपण येथे आकड्यांत उतरले आहे. थायलंडमधील कोळंबीच्या तळ्यांचा अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड बार्बियर यांनी केलेला हिशेब असा की, सरकारी सवलती वजा केल्या तर हेक्टरी तळ्याचा एकूण निव्वळ लाभ सुमारे 1,220 डॉलर, आणि ते टाकून दिल्यावर तेथे वन पुन्हा उभे करण्याचा खर्च सुमारे 9,300 डॉलर. फिलिपाईन्सने लावणीवर मोठी रक्कम खर्च केली, पण रोपे बहुतांशी 10 ते 20 टक्केच जगली. कारण ज्या उंच पातळीवर ती स्वभावतः वाढतात त्या जागी लोकांची मत्स्यतळी होती, आणि लावणी मग जेथे मालकीचा तंटा नाही अशा खोल चिखलात झाली. म्हणजे रोप कोठे जगेल हे वनस्पतिशास्त्राइतकेच जमिनीच्या हक्कांवर ठरते.

महाराष्ट्राने 2012 साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, आणि 2017 च्या सुमारास कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आणली. खाडीकाठच्या गटांनी खेकडे, कालवे, पिंजऱ्यातील जिताडा यांचे पालन करावे, भांडवलाचा 90 टक्के वाटा सरकारने आणि 10 टक्के गटाने घालावा, आणि त्या बदल्यात गावाने आपले कांदळवन राखावे, अशी तिची मांडणी. वेंगुर्ल्यास मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया प्रवाशांना होडीतून कांदळवन दाखवितात आणि त्यावर उत्पन्न मिळवितात. या प्रयत्नांकडे मी मोठ्या आशेने पाहतो, कारण त्यांत राखणे आणि खाणे यांची ताटातूट नाही. भीती एकच वाटते: 90 टक्क्यांचा ओघ आटला त्या वर्षी गट काय करील? मानसीच्या लिलावाचे पैसे जसे आपोआप बांधाकडे जात, तसे जिताड्याच्या विक्रीतील काही आणे कांदळवनाच्या निगेसाठी बाजूस काढण्याचा नेम गटाने आरंभीच बांधला नसेल, तर पिंजरे राहतील आणि वन पुन्हा अनाथ होईल.

खारेपाटात तर दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागणार आहेत: जी खार अद्याप वाचविता येईल तेथे बाहेरचा बांध, उघाड्या आणि समुद्राकडील तिवरांची पट्टी यांचा एकत्र विचार करून बांध उभारणे, आणि जेथे वन दाट झाले आहे तेथे ते तसेच ठेवून सातबाऱ्यावरील मालकास दरसाल, एकरकमी भरपाई म्हणून नव्हे तर राखणीचा मोबदला म्हणून, ठरावीक रक्कम देणे. जेथे बांध उभा राहील तेथे उघाडीतल्या मासळीचा मक्ता गावाने द्यावा, त्याचे पैसे गावाच्याच खात्यात जमा व्हावेत, आणि खांड पडली त्या रात्री त्यातून माणसे लावण्याचा अधिकार पंचांस असावा, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणची मंजुरी लागू नये.